पांचाळकाकांची नक्कल

पांचाळकाका कुणाच्याही घरी जेवायला गेले की बूट काढायच्या आधी विचारत, "सुरी कुठाय तुमची?" मग थेट स्वयंपाकघरात. ड्रॉवर उघडायचा, सगळ्या सुऱ्या ओट्यावर मांडायच्या, एकेकीची धार अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायची आणि डॉक्टर वाईट बातमी सांगतात त्या सुरात म्हणायचं, "पातं रुसलंय."

इथं अमेरिकेत, अर्विंगमधल्या आमच्या मराठी कुटुंबांत पातं रुसलेलं नाही असं एकही घर त्यांना सापडलं नाही.

निदान झालं की लंचबॅगमधून धार लावायचे दोन जपानी दगड निघत. पाण्यात भिजवल्याशिवाय ते कामाला येत नाहीत, म्हणून भांडं लागायचं. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा सीमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, आमटीसाठी काढून ठेवलेलं पातेलं त्यांनी उचललं. दगड भिजणार, मग पाती घासली जाणार, मग कोशिंबीर चिरली जाणार. तोवर सगळे पाहुणे चिप्स खात बसले. पण सुरी परत मिळाली तेव्हा टोमॅटोवर नुसती ठेवली तर आपली आपण खाली उतरली. आमच्या मुलीनं, रियानं, तिथल्या तिथे त्यांचं नाव 'नाइफ अंकल' ठेवलं.

काका पंचावन्नच्या आसपासचे. मेनफ्रेमवर काम करायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मध्ये तीन वर्षं ते ओसाकाच्या एका प्रोजेक्टवर होते आणि तिथून जपानचं पोलाद डोक्यात भरून आले होते. बोलणं क्रिकेटवरून निघो की ग्रीन कार्डवरून, ते साकाई नावाच्या गावात जाऊन पोचायचं.

"तिथं एक माणूस जन्मभर पातं ठोकतो. दुसरा जन्मभर धार लावतो. तिसरा नुसती मूठ बसवतो. सुरी मी केली असं कुणी एकटा म्हणत नाही."

साकाई संपलं की तोसा. तिथला लोहार म्हणे कुऱ्हाड करायच्या आधी गिऱ्हाइकाचा हात बघतो, उंची बघतो, लाकूड कुठलं तोडणार ते विचारतो. एकदा कुलकर्णी रडकुंडीला येऊन सांगत होता की त्याचं व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलंय. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पात्याला पाणी देताना घाई केली की तडा जातो." कुलकर्णी त्यानंतर तीन महिने त्यांच्याशी बोलला नाही.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, आणि तेच जड जातंय. मी इथल्या मराठी मंडळाचा नकलाकार. बॉसची, देसी ग्रोसरीवाल्याची, भारतातून आलेल्या सासूबाईंची, सगळ्यांच्या नकला करायचो. लोक म्हणायचे, यार, तू इथे कोडिंग काय करतोस. ते ऐकायला मला फार आवडायचं.

दोन हजार पाचच्या गणपतीच्या आधी काका आमच्याकडे आले होते. बाहेर टीव्हीवर मॅच चालू होती. मी पाणी घ्यायला उठलो आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थबकलो. काका सिंकपाशी पाठमोरे उभे होते. हात दगडावर पुढे-मागे जात होता आणि ते सुरीशी बोलत होते. नेहमीची पुस्तकी मराठी नव्हती ती.

"आरं ऐक की माझ्या राजा. कुठं दुखतंय तुला? मला घाई न्हाई. तू सांग, मंग घासतो."

मी हसू दाबत मागे फिरलो. त्या क्षणी डोक्यात एकच विचार होता, आयटम मिळाला.

गणपतीच्या कार्यक्रमाला भाड्यानं घेतलेला शाळेचा हॉल भरला होता. मी डोक्याला टॉवेल गुंडाळला, धोतराच्या जागी चादर, हातात लाटणं. लाटण्याला कुरवाळत सुरू केलं, "आरं ऐक की माझ्या राजा." हॉल हसून कोसळला. लोकांनी काकांना ओळखलं होतं. मी चढतच गेलो. लिहून ठेवलेलं संपलं तरी टाळ्या थांबेनात, तेव्हा आणखी एक वाक्य तोंडातून गेलं, "जपानला जाऊन आला तरी लोहार तो लोहारच."

सगळ्यात मोठा हशा त्यावर पिकला. काका दुसऱ्या रांगेत होते. तेही हसत होते. सीमा हसत नव्हती.

जेवणाच्या रांगेत ते माझ्यामागे आले. "छान केलंत," म्हणाले. "हुबेहूब." मी थँक्यू म्हणालो. एवढंच म्हणालो.

त्यानंतर काका कुणाकडे आले नाहीत. बोलावलं की ऑफिसचं काम सांगायचे. महिना गेला, दुसरा गेला. मी मनाशी म्हणत राहिलो, काम असेल. एका शनिवारी सकाळी सीमा कांदा चिरत होती. सुरी घसरून तिचं बोट कापलं. बोट नळाखाली धरून ती म्हणाली, "तू त्यांच्या जातीवर हसलास. लोकांनाही हसवलंस. जाऊन माफी माग."

मी गेलो. गॅरेजचं दार वर केलेलं होतं. आत गाडी नव्हती. ऐरण होती, छोटी भट्टी होती आणि भिंतीला दहा-बारा विळे टांगलेले होते. गवत कापायचे साधे विळे, घरीच घडवलेले दिसत होते, त्यातले बरेचसे फसलेले. काका उलट्या बादलीवर बसून एक पातं घासत होते.

"काका, त्या दिवशी मी जे बोललो…"

"बसा." त्यांनी दुसरी बादली पुढे सरकवली. "ते लोहाराचं शेवटचं. ते मात्र लागलं."

मी बादलीवर बसलो.

"बाकीचं कुठं ऐकलंत?"

"आमच्या स्वयंपाकघरात. दाराआडून."

"मी मोठ्यानं बोलतो?" त्यांचा हात थांबला. "मला माहीत नव्हतं. ते माझं नाही हो. वडील पात्याशी असं बोलायचे."

वडील साताऱ्याकडच्या एका खेड्यात विळे, कोयते करायचे. विळा मागायला बाई आली की आधी तिचा हात बघायचे, डावखुरी आहे का विचारायचे. काका शिकायला पुण्यात आले आणि हॉस्टेलमध्ये सांगितलं, वडिलांचं वर्कशॉप आहे. एकदा वडील न सांगता भेटायला आले. हातावर भट्टीचे डाग. मित्रांनी विचारलं, हे कोण? काका म्हणाले, आमच्याकडे कामाला असतात.

"वडिलांनी ऐकलं. म्हणाले, 'येतो, सायेब.' आणि गेले. घरी कधी विषय काढला नाही. मीही नाही. मग ते वारलेच."

काकांनी पातं उजेडाकडे धरून बघितलं, पुन्हा दगडावर टेकवलं.

"पुढं ओसाकाला होतो तेव्हा एका रविवारी साकाईला गेलो. एक म्हातारा लोहार दारात बसलेला. हात वडिलांसारखेच. आणि सुटाबुटातली माणसं येऊन त्याच्यापुढं वाकत होती. तीन वर्षं दर रविवारी गेलो. सुऱ्या घ्यायला नाही. लोक वाकतात ते बघायला."

"तुम्ही आता कुणाकडे येत नाही," मी म्हणालो. "रागावणं बरोबरच आहे."

"राग होता. पंधरा दिवस होता." त्यांनी दगडावर पाणी शिंपडलं. "वडिलांचा आवाज कुठं टेप केलेला नाही. त्या दिवशी तुम्ही बोललात आणि तो ऐकू आला. म्हणून हसलो मी. नंतर वाटायचं, तुमच्यासमोर आलो तर 'पुन्हा म्हणा' असं म्हणेन. ते कसं मागायचं? लाज वाटत होती."

गॅरेजमध्ये आम्ही दोघंच होतो. टाळ्या घेताना लाज वाटली नव्हती, ती आता कानांपर्यंत चढली.

"म्हणा ना," काका म्हणाले.

मी म्हटलं. आवाज फारच बारीक निघाला.

"'न्हाई' जरा लांबवा. त्यांचं लांबायचं."

मी पुन्हा म्हटलं. आरं ऐक की माझ्या राजा. कुठं दुखतंय तुला? मला घाई न्हाई. काकांनी डोळे मिटले होते आणि हात दगडावर पुढे-मागे जात होता. तिसऱ्यांदा म्हणताना 'कुठं दुखतंय तुला'पाशी मला पुढे म्हणवेना. मी थांबलो.

"राहू दे," ते डोळे न उघडता म्हणाले. "दमले की तेही असेच थांबायचे."