नॉर्बर्टच्या वाढदिवसाचं बिल

मॅरिट माशातले काटे शोधत होती. या तळलेल्या माशात काटे नसतात, हे तिला अख्ख्या टेबलाने तीनदा सांगून झालं होतं. पण दहा महिन्यांच्या लेकीच्या, आयडाच्या, घशात काटा अडकला, तर टेबल काय करणार होतं? बोटं मासा चिवडत होती आणि डोकं क्रेडिट कार्डात गुंतलं होतं.

कार्ड नवं होतं. तीन महिन्यांत तीन हजार डॉलर खर्च करा, दोनशे परत मिळवा. त्या दोनशेंत आयडाची गाडीतली मोठी खुर्ची येणार होती; जुनीत तिचं डोकं वरच्या कडेला टेकायला लागलं होतं. मुदत आज संपत होती आणि दोनशे साठ डॉलर खर्चायचे राहिले होते. म्हणून मॅरिटने बेत आखला होता. आज सासऱ्यांची, नॉर्बर्टची, पंचाहत्तरी, जेवायला नऊ माणसं. बिल आपल्या कार्डावर घ्यायचं. मग जो तो आपला वाटा रोख काढून देतोच, शेबॉयगन गावाची तशी रीतच आहे.

"डॉटी, बिल माझ्याकडे आण हं," ती वाढणाऱ्या बाईच्या कानात म्हणाली.

"कसलं बिल? नऊ ताटांचं नॉर्बर्टने आल्या आल्याच भागवलं. कोट अडकवायला जातो म्हणाला ना, तेव्हाच."

मॅरिटने तिची बाही धरली. "ते रद्द कर ना!"

"तो हो म्हणाला तर करीन. तीस वर्षांचं गिऱ्हाईक आहे, बाई."

मॅरिट उठून उभी राहिली. "डॅड, आजचं जेवण माझ्याकडून."

"बस खाली. मासा गार होतोय."

"नाही, डॅड. प्लीज, मला देऊ द्या."

"माझ्या वाढदिवसाला सुनेने पैसे द्यायचे? काहीतरीच!"

"डॅड, एवढं एकच मागते!" तिचा आवाज खरोखर कापला.

नॉर्बर्टच्या बहिणीने, लोरेन आत्यांनी, नॅपकिन डोळ्यांना लावला. "नॉर्बर्ट, पोरीचं मन मोडू नकोस. आजकाल कोण एवढं करतं?"

"चाळीस वर्षांत तू तरी कधी केलंस, लोरेन?"

पण टेबल सुनेच्या बाजूने झालं होतं. नॉर्बर्टने पडेल चेहऱ्याने मान हलवली. डॉटीने त्याचं बिल रद्द केलं आणि मॅरिटचं कार्ड ओढलं. टिपसकट तीनशे चाळीस.

मॅरिट वाट बघत बसली. दीर एर्विनने खिशातून अर्धवट काढलेलं पाकीट पुन्हा आत सारलं आणि ग्लास उचलला. "मानलं तुला, मॅरिट! चिअर्स!" सगळ्यांनी ग्लास उचलले. आता वाटा मागायचा कुठल्या तोंडाने?

"दोनशे मिळवायला तीनशे चाळीस," नवरा कर्ट पुटपुटला. "फायद्यात आहोत."

"तू गप्प बस."

बाहेर ती आयडाचा पट्टा चौथ्यांदा ओढून बघत असताना नॉर्बर्ट गाडीपाशी आला. त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं.

"खरं सांग. किती टक्के मिळतात तुला?"

"म्हणजे?"

"माझ्या कार्डावर हॉटेलच्या जेवणाचे पाच टक्के परत मिळत होते. आजचाच दिवस. उद्यापासून तेच पाच टक्के पेट्रोलवर. सतरा डॉलर गेले माझे!"

मॅरिटने मग सगळं सांगून टाकलं. खुर्ची, मुदत, वाटे, सगळं. नॉर्बर्ट गाडीला टेकून पोट धरून हसला. मग त्याने कोटातून वाढदिवसाची पाकिटं काढली आणि तिथेच फोडायला घेतली. लोरेनचं, एर्विनचं, बाकीच्यांचं. त्यातून त्याने तीनशे चाळीस मोजून तिच्या हातात ठेवले.

"पंचाहत्तर वर्षांचा झालो म्हणून काय दुसऱ्याला बिल देऊ देईन? बिल माझंच. बक्षीस तेवढं तुझं."

"डॅड, मी कसं..." मॅरिटचे डोळे भरून आले.

"रडू नकोस, पोर बघतेय," नॉर्बर्ट म्हणाला आणि तिच्या हातातली विसाची एक नोट अलगद काढून घेतली. "हे माझे सतरा. वरचे तीन उद्या आणून देतो."