बाळारामकाकांच्या सुवासाच्या तीन शिफ्टा

भेटल्यावर माणसं हात जोडतात, रामराम म्हणतात, अगदीच जवळची असली तर 'कुठं उलथला होतास इतके दिवस?' असं विचारतात. आमचे बाळारामकाका यातलं काहीच करत नाहीत. ते आपलं मनगट तुमच्या नाकाखाली आणतात आणि म्हणतात, "सांग, कशाचा?"

'लिंबाचा' म्हणालात तर तुम्ही सुटलात. 'साबणाचा' म्हणालात तर तुमची धडगत नाही. मग भर रस्त्यात उभं करून तुम्हाला गवती चहा, पुदिना आणि निलगिरी यांच्या वासातला फरक समजावून दिला जातो. या शिक्षणापायी एकदा माझी पिशवीतली कोलंबी उन्हात बसून वाया गेली. तेव्हापासून मी मनगट दिसलं की विचार न करता 'गवती चहा' म्हणते आणि चालू लागते. बहुतेक वेळा बरोबर येतं.

काका पेणच्या रामवाडीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. उभी हयात त्यांनी धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून काढली. पेणहून कंपनीच्या बसनं जायचं आणि शिफ्ट संपली की त्याच बसनं पेंगत यायचं. रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत काकू गेल्या. एकुलती एक मुलगी मनीषा पुण्याला नोकरी करते. घरात राहिले काका आणि कपाटभर काळपट काचेच्या इवल्याशा बाटल्या.

या बाटल्यांत झाडापानांची, फुलांची, सालींची अर्कासारखी तेलं असतात. शहरात त्याला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव आहे. काका म्हणतात, 'वासाचं औषध'. कंपनी सुटली तरी माणसाच्या अंगातली कंपनी काही सुटत नाही, तेव्हा या तेलांच्याही त्यांनी शिफ्टा लावल्या आहेत. फस्ट शिफ्टला गवती चहा आणि लिंबू, म्हणजे माणूस तरतरीत होतो. सेकंड शिफ्टला पुदिना, कारण जेवल्यावर डोळ्यांवर झापड येते. नाईट शिफ्टला लव्हेंडर, दोन थेंब कापसाच्या बोळ्यावर घालून उशीच्या कडेला. एखाद्यानं सकाळीच लव्हेंडर लावलेलं सापडलं तर काका विचारतात, "काय रं, डबल ड्युटी काय?"

त्यांचे नियम मात्र कडक. "थेंबाची वस्तू थेंबानंच वापरायची," हे वाक्य आमच्या गल्लीतल्या पोपटालाही पाठ झालं असेल. तेल अंगाला नुसतं लावायचं नाही, खोबरेलात पातळ करून लावायचं. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, चुरचुरलं तर विषय बंद. पोटात घ्यायचं नाही, डोळ्यांच्या आसपास न्यायचं नाही. लिंबाचं लावून उन्हात जायचं नाही, चट्टे उठतात. तान्ह्या पोराच्या नाकाशी निलगिरी न्यायची नाही, आणि पोटुशी बाई आली तर, "आधी डॉक्टरीणबायला इचार, मग माझ्याकडं ये." तापाला, छातीत दुखण्याला ते बाटलीला हातसुद्धा लावत नाहीत, थेट दवाखान्याचा रस्ता दाखवतात.

मोहल्ल्यातल्या अमीनाचाचींचा मुलगा आखातात असतो. त्यानं आणलेलं अत्तर त्यांनी एकदा मोठ्या तोऱ्यात काकांना हुंगायला दिलं. काकांनी डोळे मिटून हुंगलं आणि म्हणाले, "भारी हाय. पण चाची, ही लग्नातली बिर्याणी. माझी आपली रोजची पेज."

डोकं धरून येणाऱ्याचं डोकं उतरतं की नाही ते देव जाणे. मला वाटतं, कुणीतरी आपल्याला बसवून घेतं, झोप लागते का विचारतं, यानंच निम्मं दुखणं पळत असावं. पण हे काकांना सांगायची छाती कुणाला नाही.

फजित्याही पुष्कळ झाल्या. हमरापूरला एका कारखान्यात गणपतीचे डोळे आखणारा कारागीर आहे. सीझनला मान मोडून काम करतो, त्याचं डोकं कायम ठणकतं. काकांना कळवळा आला. ते पुदिन्याचं तेल घेऊन गेले, खोबरेलात कालवलं, त्याच्या कपाळाला नीट लावलं. उकाड्याचे दिवस, घाम आला, तेल ओघळलं. झालं! "काका, गणपतीचं डोलं राहिलं, माझंच पाझराया लागलं," म्हणून तो दिवसभर हौदापाशी बसून राहिला. शेवटी मालकानं काकांना हात जोडून सांगितलं, की विसर्जन झाल्याशिवाय इकडे फिरकू नका.

माझ्याबाबतीत तर त्यांनी कहरच केला. मी पोह्याचे पापड करून विकते. आमची गच्ची सामाईक. काकांनी तिथं बांबूला एक फडकं बांधलं आहे. कंपनीत वारा कुठं वाहतो ते बघायला असं कापड लावतात म्हणे, गॅस सुटला तर वाऱ्याला आडवं पळायचं असतं. काका त्या फडक्याकडे बघून, वारा माझ्या पापडांपासून दूर जातोय याची खात्री करून मगच पणतीवर निलगिरीचं पाणी ठेवायचे. एके दिवशी खाडीकडून वारा फिरला. फडकं फिरलं, काका खाली झोपलेले. ठाण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "ताई, पापड छान आहेत, पण सर्दीचे आहेत का?"

मी तणतणत गेले. तोंड माझं आधीच फाटकं, त्या दिवशी शिवणच उसवली. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि उरलेले पापड स्वतः विकत घेतले. मग बाटल्या पुसता पुसता हळूच म्हणाले, "शोभा, एक सांग. खरं सांग. माझ्या अंगाला अजून कंपनीचा वास येतो काय गो?"

मला वाटलं, चेष्टा करतात. पण त्यांचा चेहरा तसा नव्हता.

मग कळलं ते असं. धाटावला काम करणाऱ्याच्या अंगात वास मुरतो. कपड्यांना येतो, केसांना येतो, साबणाला दाद देत नाही. काका शिफ्टवरून आले की काकूंनी मागच्या दारी पाणी काढून ठेवलेलं असायचं. तिथं अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. तरीही वास उरायचाच. छोटी मनी नाक चिमटीत धरून ओरडायची, 'बाबा, वास!' सगळे हसायचे, काकाही हसायचे. आणि तिला उचलून घ्यायला पुढे केलेले हात मागे घ्यायचे.

"पुढं पुढं मी हातच करायचा सोडला," काका म्हणाले. "आता येते तवा दुपार होत नाय तर निघते. नाकाला ओढणी लावून बसते. बोलत नाय, पण मला कळतं. ती पयली लव्हेंडरची बाटली तिनंच दिली ना. बापाला वास मारतो असं तोंडावर कसं म्हणायचं, तर औषध म्हणून दिली. पोर हुशार हाय."

 माझा राग कुठच्या कुठं गेला.

तेव्हापासून माझ्या एक गोष्ट लक्षात येऊ लागली. थेंब थेंब करून लोकांचा जीव नकोसा करणारा हा माणूस मुलगी यायची म्हटली की सगळे नियम गुंडाळून ठेवायचा. सकाळपासून अंघोळीवर अंघोळ. अंगाला लव्हेंडर, पडद्यांना गवती चहा, लादीच्या पाण्यात निलगिरी. वर तिन्ही शिफ्टा एकदम चालू. आणि मनीषा यायची, पाणी प्यायची, कपाळ दाबायची, अर्धं जेवायची आणि दुपारच्या गाडीनं परत. पुढच्या वेळी काका आणखी एक बाटली वाढवायचे.

या माघातल्या एका रविवारी मी पापडांची परात घेऊन निघाले तर मनीषा ओट्यावर एकटीच बसलेली. पायाशी पिशवी, नाकाला ओढणी. आतून असा वास येत होता, की माझ्याच डोळ्यांना पाणी आलं. मला राहवेना.

"मने, नाक कसलं धरतेस? बाप पहाटेपासून अंगाची सालं काढतोय तुझ्यासाठी. कंपनीचा वास आता राहिलाय कुठं त्यांच्या अंगाला?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कंपनीचा? ताई, माझं या तेलांनी डोकं उठतं. दर वेळेला उठतं, म्हणून तर पळते मी. इतक्या हौसेनं करतात बाबा, सांगू कसं?"

"मग ती पहिली बाटली कशाला दिलीस?"

"झोपेसाठी. रिटायर झाले तरी रात्रभर टक्क जागे असायचे. आई सांगायची मला फोनवर."

मी परात खाली ठेवली. मनीषा रस्त्याकडे बघत बोलत होती, त्यामुळे काका चहाचा ट्रे घेऊन तिच्या मागे दारात येऊन उभे राहिले ते तिला दिसलं नाही.

"माझ्या ऑफिसची बस रोज कंपन्यांच्या पट्ट्यातून जाते," ती म्हणाली. "तो वास आला की सगळे पटापट खिडक्या लावतात. मी माझी उघडते. लहानपणी बाबांची सेकंड शिफ्ट असली की मी झोपेचं सोंग घेऊन पडायचे. मागच्या दारी पाणी ओतल्याचं ऐकू यायचं. मग तो वास घरात यायचा, आणि मगच मला झोप लागायची. आताही बसमध्ये क्षणभर वाटतं, बाबा आले. इथं आले की बाबा समोर असतात आणि तो वास कुठंच नसतो. कुणा परक्याच्या घरी आल्यासारखं होतं मला."

ट्रेमधल्या कपबश्या वाजल्या. मनीषानं वळून बघितलं.

"तू नाक धरायचीस गो," काका म्हणाले.

"मी एवढीशी होते बाबा. तुम्ही सगळे हसायचात, म्हणून धरायचे."

काकांनी ट्रे तिथंच खाली ठेवला आणि ते आत गेले. मागच्या दारी बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.  मग काका जुन्या बनियनवर, केसांतून पाणी निथळत बाहेर आले आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"साबण पण नाय लावला," ते म्हणाले. मग अगदी हलक्या आवाजात, "बघ बरं. थोडा तरी ऱ्हायलाय काय?"

मनीषानं त्यांच्या खांद्याला नाक लावलं. काही राहिलेलं नसणार, हे मला कळत होतं. इतक्या वर्षांचं पाणी आणि इतक्या बाटल्या, काय राहणार?  तिनं हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. नुसतं कपाळ तिथं टेकवलं आणि तसंच ठेवलं. काकांचा हात उचलला गेला, मध्येच थबकला, आणि मग तिच्या पाठीवर टेकला.

पुण्याच्या गाडीची वेळ होत आली होती. एरवी ओरडून आठवण करून देणारी मीच असते. त्या दिवशी मी माझी परात उचलली आणि गुपचूप घरी आले.