स्लंप ऐंशी मिलिमीटर

आत्माराम शिवलकर हा कनिष्ठ अभियंता २००१ च्या मे महिन्यात रत्नागिरीजवळच्या एका डोंगररस्त्यावर मोरी बांधून घेत होता. रोज सकाळी पत्र्याच्या शंकूत ओलं काँक्रीट भरायचं, शंकू अलगद वर उचलायचा आणि ढीग किती मिलिमीटर खाली बसला ते मोजायचं. तोच त्या दिवसाचा ‘स्लंप’. जास्त बसला तर पाणी जास्त झालं.

एका सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात त्याच्यासाठी फोन आला. वरच्या कार्यालयातून भागोजी कारकून बोलत होता.

“तुमच्याकडे स्लंप किती?”

“ऐंशी.”

“काल?”

“साठ. वळिवानं वाळू भिजलीय, म्हणून वाढला.”

“आणखी वाढला तर?”

“शंभराच्या पुढे गेला की थांबवतो. पाणी कमी केलं की झालं.”

पलीकडे भागोजीनं दोन्ही आकडे कागदावर उतरवून घेतले. त्या रस्त्यावरचा डोंगर खचतोय अशी कोणीतरी तक्रार केली होती आणि भूगर्भवाल्यांच्या पत्रात दरडीचा तुकडा खाली बसतो त्यालाही ‘स्लंप’च म्हटलं होतं. आत्मारामनं ते पत्र पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. आत्मारामनं खरं ते सांगितलं: एकशे वीस. दुपारी पोलिसांनी ‘डोंगर एकशे वीस मिलिमीटर बसला’ असं सांगत रस्त्यावर पिंपं आडवी लावली. एस.टी. बंद झाली.

खरा घोळ पुढेच होता. मुकादम मन्सूरच्या मुलीचा, महरीनचा, निकाह शुक्रवारी होता आणि वऱ्हाड याच रस्त्यानं यायचं होतं. मन्सूर निकाहची पत्रिका घेऊन आत्मारामपुढे आला. आत्माराम तसाच दुकानात धावला आणि भागोजीला सगळं समजावून सांगितलं. भागोजीला ते पटलंही. पण कागद मुंबईला गेला होता.

“आता डोंगर बसायचा थांबला असा अहवाल लागेल,” तो म्हणाला. “सलग सात दिवस स्लंप शून्य. सही तुमचीच.”

“अहो, पण डोंगर बसतच नाही!”

“मग शून्य यायला अडचण काय?”

डोंगर मोजायचं साधन आत्मारामकडे नव्हतं. त्यानं मोरीचं काम बंद ठेवलं आणि रोज डोंगराकडे बघून शून्य लिहायला सुरुवात केली. जन्मात पहिल्यांदाच तो न मोजता आकडा लिहीत होता. त्याला रात्री जेवण जाईना.

शुक्रवारी वऱ्हाड खाडीतून होडीनं आलं. नवरदेवाची शेरवानी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखली होती आणि बिर्याणी दुपारी चारला वाढली गेली. मन्सूरनं आत्मारामला आग्रहानं जेवायला बसवलं. त्या आग्रहानं आत्मारामला अधिकच मेल्यासारखं झालं.

आठव्या दिवशी रस्ता उघडला. पाठोपाठ आत्मारामच्या नावे पत्र आलं. दरडीवर दररोज अचूक लक्ष ठेवून ती यशस्वीपणे थांबवल्याबद्दल त्याचं अभिनंदन केलेलं होतं. असा अनुभव जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला नसल्यानं पावसाळाभर त्याची नेमणूक घाटात, दरडी थांबवण्याच्या कामावर करण्यात आली होती.

आत्मारामनं पत्र दोनदा वाचलं. मग खिशातून पेन काढून, चूक कशी झाली ते पहिल्यापासून सविस्तर लिहायला बसला.

मन्सूरनं हळूच त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

“साहेब, आता लिहू नका काय. लिहिलंत की ते वर जातं.”