घोडं कुठं पेंड खातंय

बंगळुराजवळच्या नंदी बेट्टा डोंगराचा घाट चढताना काकड्यांचं पोतं बांधलेल्या एका स्कूटरनं कल्लाप्पांच्या गाडीला मागं टाकलं. तेव्हा मागच्या सीटवरून त्यांचा जावई सुहास अदबीनं म्हणाला, "बाबा, एसी बंद करून बघू या का? थोडी पॉवर मिळेल."

पुण्याहून येऊन महादेवपुऱ्यात कॉम्प्युटरपुढं बसणाऱ्या जावयानं आपल्याला इंजिन शिकवावं, हे कल्लाप्पांना झोंबलं. निपाणी सोडून बंगळुरात आल्याला त्यांना बत्तीस वर्षं झाली होती. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा स्वतःचा लेथचा कारखाना होता आणि त्यांच्या हातचा शाफ्ट कुणी परत पाठवल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यांनी एसी बंद केला नाही. उलट बायको आणि लेकीदेखत सांगून टाकलं, की पुढच्या रविवारी ह्याच घाटात गाडी तिसऱ्या गिअरवर नेऊन दाखवतो. नाही जमलं, तर चावी सुहासच्या हातात. पुन्हा म्हणून स्टिअरिंगला हात लावायचा नाही. सुहास बिचारा ओशाळला, पण बोलून झालं होतं. घोडामैदान आठ दिवसांवर आलं.

सोमवारी सकाळी त्यांनी गाडीचं पुस्तक काढलं. त्यात त्र्याऐंशी हॉर्सपॉवर लिहिली होती.

"त्र्याऐंशी घोडे हायेत म्हणं," ते बायकोला, अंबूबाईंना म्हणाले. "साठ तरी ओढतात का बघ. उरलेले कुठं पेंड खायलेत, ते हुडकून काढतो."

अंबूबाईंनी कॉफी पुढं ठेवली आणि जपून चालवा, एवढंच सांगितलं. गाडी घेतल्यापासून गेली अकरा वर्षं त्या तेवढंच सांगत आल्या होत्या.

शोध शिस्तीत सुरू झाला. सोमवारी नवा एअर फिल्टर बसला आणि कल्लाप्पांच्या वहीत दोन घोडे जमा झाले. मंगळवारी नवे प्लग, आणखी दोन. बुधवारी इंजेक्टर धुतले. रोज संध्याकाळी यशवंतपूरच्या फ्लायओव्हरवर परीक्षा व्हायची आणि गाडी रोज पहिल्यासारखीच कण्हत चढायची. हवा आत जाते आहे, म्हणजे धूर बाहेर निघत नसणार, असा तर्क करून गुरुवारी त्यांनी कारखान्यात स्वतःच्या हातानं रुंद सायलेन्सर बनवला. गाडीचा वेग होता तेवढाच राहिला; आवाज मात्र घरांच्या काचा हलवू लागला. शेजारचे महांतेश फाटकापाशी येऊन विचारून गेले, की ट्रॅक्टर घेतला का. स्वल्प घोडे वाढवायलोय, असं कल्लाप्पांनी त्यांना अभिमानानं सांगितलं. महांतेश कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि त्यांनी घरात जाऊन खिडक्या लावून घेतल्या. संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर आवाजाबद्दल तीन तक्रारी आल्या. कल्लाप्पांनी तिन्ही सुहासला पुरावा म्हणून पाठवून दिल्या.

शुक्रवारी वजनाची पाळी आली. घोडे सापडत नसतील, तर निदान त्यांचं ओझं तरी हलकं करावं. स्टेपनी निघाली, जॅक निघाला, डिकीतली चटई आणि पाण्याचा कॅन निघाला. मग कल्लाप्पांनी अंबूबाईंकडे जरा निरखून पाहिलं आणि रविवारी तू घरीच थांबतीस का, असं विचारलं. त्यांनी लगेच रविवारी नेसायची साडी काढून इस्त्रीला ठेवली. तो विषय तिथंच मिटला.

शनिवारी ऑइल बदलताना आणखी एक घोळ झाला. उघडा डबा त्यांनी ड्रायव्हरच्या सीटपुढं ठेवला होता, तो कलंडला आणि पायाखालची कौदी तेलानं माखली. जुन्या लुगड्यांची ही जाड गोधडी अंबूबाईंनी स्वतः शिवलेली, चार घड्या घालून तिथं अंथरलेली. कल्लाप्पा मनापासून हळहळले. अंबूबाईंनी ती उचलली आणि बादलीत भिजत घातली.

रविवारी घाटाच्या पायथ्याशी कल्लाप्पांनी देवाचं नाव घेतलं आणि ॲक्सिलरेटर दाबला. गाडी उसळली. पहिलं वळण, दुसरं वळण, तिसरा गिअर जागचा हलला नाही. काकड्यांची स्कूटर पुन्हा पुढं दिसली आणि बघता बघता मागं पडली. "बाबा, पिकअप सॉलिड आहे, पण जरा स्लो घ्या ना," असं सुहास वरचा दांडा घट्ट धरून म्हणत होता. सायलेन्सरपुढं ते कुणाला ऐकू गेलं नाही.

वर पोचल्यावर कल्लाप्पा खाली उतरले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते.

"बारा घोडे," ते म्हणाले. "बारा तरी सापडलेच, सुहासराव. गंगेत घोडं न्हालं."

सुहास खरोखरच गुडघ्यांवर बसून सायलेन्सर बघू लागला आणि सासरेबुवा त्याला एकेक जोड समजावू लागले. थोड्या अंतरावर कट्ट्यावर बसलेल्या अंबूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. प्रणितानं आईला कारण विचारलं.

"घोडे गाडीत नव्हतेच गं," त्या हळूच म्हणाल्या. "ते घरी बादलीत भिजायलेत."

मग त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. गाडी नवी असताना ह्यांनी बेळगावच्या रस्त्यावर ती एकशे तीसनं पळवली होती. दुसऱ्याच दिवशी अंबूबाईंनी टाचेला मऊ लागेल म्हणून कौदी अंथरली आणि तिची पुढची कड ॲक्सिलरेटरच्या खाली सरकवून ठेवली. तेव्हापासून पेडल अर्ध्यावर जाऊन अडायचं. अख्खं इंजिन उलगडून बघणाऱ्या माणसानं आपल्या पायाखाली कधी बघितलं नव्हतं.

प्रणिता हे वडिलांना सांगायला उठली, तर अंबूबाईंनी तिचा हात धरला.

"बस खाली. आठ दिवस राबलाय माणूस. आणि तो सायलेन्सर बघ जा, जोड कुठं दिसतो का? असं काम पीण्यात दुसरं कोण करतंय सांग."

सोमवारी कौदी वाळली. अंबूबाईंनी तिच्या नेहमीसारख्या चार घड्या घातल्या आणि गाडीचं दार उघडलं. तिथं त्या क्षणभर थांबल्या. मग दोन घड्या त्यांनी मोडल्या आणि उरलेल्या दोनच घड्यांची कौदी पेडलखाली सरकवली.

संध्याकाळी कल्लाप्पा कारखान्यातून आले ते कपाळाला आठ्या घालूनच. सहा घोडे टिकले होते, पण बाकीचे सहा पुन्हा कुठं तरी गेले होते. बाह्या सारून त्यांनी बॉनेट उघडलं. अंबूबाईंनी कॉफीचा पेला त्यांच्या हातात दिला आणि इंजिनात डोकावून बघितलं.

"आतच असतील की," त्या म्हणाल्या. "नीट बघा."