एक हाक, दोन ओ

"मामा, गाडीखाली लोळायचे दिवस गेले! ही एक तार जोडायची, हाक मारायची, की गाडी स्वतःच आपलं दुखणं सांगते!" जावईबापूंनी लॅपटॉप असा उघडला, जणू निरूपणाला पोथीच सोडली.

सासरेबुवा गॅरेजचे मालक. चाळीस वर्षं नुसता कान लावून गाड्यांचे रोग ओळखलेला माणूस! ते एवढंच म्हणाले, "चहा उकळेपर्यंत दोष सापडला तर यंत्र ठेवू. नाहीतर आजच दुकानात परत!"

समोर डॉक्टरीणबाईंची गाडी. ड्रायव्हरची सीट पुढे येऊन अडकलेली. बटण दाबा, विनवण्या करा, ढिम्म! बाई बिचाऱ्या गुडघे चोळत उभ्या. जावईबापूंनी भिंतीवरच्या नेटवर्कच्या डबीतली तार गाडीला जोडली आणि हाक सोडली: कोण आहे? पडद्यावर सतरा-सतरा अक्षरांचे दोन चासी नंबर उमटले.

"दोन कसे?" सासरेबुवांनी विचारलं.

"उत्साही आहे हो गाडी! दोनदा ओ दिली!"

भोळा जीव! त्याच डबीला मागच्या शेडमधली घरची गाडीही सकाळीच आपण जोडलीय, हे तो साफ विसरला होता. त्याने वरचा नंबर निवडला आणि सीटला हुकूम दिला: पुढे! मागे!

डॉक्टरीणबाईंची सीट हलेना. मागून मात्र आवाज आला, "पोंऽऽ!"

"असेल कुणाला घाई!" म्हणत पठ्ठ्याने दहा फेऱ्यांची चाचणीच लावली. पोंऽऽ! पोंऽऽ! टाळकऱ्यांनी ठेका धरावा तसं!

सासरेबुवांनी कान टवकारले. "अहो जावईबापू, हा हॉर्न आपल्या गाडीचा! आणि तिच्यात तुमच्या मामी मटार सोलत बसल्यात! मऊ गादी कमरेला बरी पडते म्हणून!"

सगळे धावले. सासूबाई सीटसकट पुढे येत होत्या, पोटाने हॉर्न वाजवत होत्या, मागे जात होत्या! मटार उडून आतून टपाला आपटायचे तेवढे बाकी होते. "अरे, थांबवा रे हिला!" सासरेबुवांनी तार उपटली.

"यंत्र परत!" ते गरजले. जावईबापू लॅपटॉप मिटायला लागले.

"थांबा हो जरा!" सासूबाई खाली उतरल्या. वाकल्या, उठल्या, पुन्हा वाकल्या. दोन वर्षं धरलेली कंबर सुटली होती! "यंत्र कुठ्ठेही जायचं नाही!"

डॉक्टरीणबाईंच्या सीटखाली सासरेबुवांनी नुसता हात घातला आणि अडकलेली छत्री ओढून काढली. सीट लोण्यासारखी सरकली.

यंत्र राहिलं, मंडळी. गॅरेजच्या फळ्यावर जावईबापूंच्या नावापुढे रोजचं पहिलं काम आता ठरलेलं असतं: 'मामींची कंबर. दहा फेऱ्या.'