पटातले उकंडजी

शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत, एखादी जोडी पहिली आली की सारं मैदान टोप्या उडवायचं आणि आमचे उकंडजी कपाळावर हात मारून घ्यायचे. "संपलं! पटाचं नाव बुडालं, मास्तर!"

बाभुळगावकडच्या एका खेड्यात मी मास्तर होतो, तेव्हा उकंडजी माझे शेजारी. निराशा हे त्यांचं मुख्य पीक, कापूस त्यानंतर. कपाशी बोंडांनी वाकली, तर "आता पाऊस येते अन् भिजोते." चहा फक्कड झाला, तर "पुढल्या खेपेले असा नाई भेटत." माझं लग्न ठरल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवरून असा काही हात फिरवला की मलाच धास्ती बसली.

पण माघातला पट त्यांनी कधी चुकवला नाही. पांढरा फेटा बांधून सकाळीच माझ्या दारात हजर. "चला मास्तर, यंदा किती बुडालं थे पाहून येऊ."

आम्ही अगदी दोरीला लागून बसायचो. हलकी, दोन चाकांची छकडी सुटली की धुळीतून हाकणाऱ्याची आरोळी यायची आणि मी दोरीवरून पुढं वाकायचो. शेजारी उकंडजींचं चालूच असायचं, "डावा वढून राह्यला, उजवा लाजून राह्यला."

"अहो, पण जिंकली ना!"

"जिंकली असन. जोडी नोहे थे. दोन बैल हेत नुसते."

जोडी कशाला म्हणतात ते त्यांना ठाऊक होतं. एके काळी पाखऱ्या आणि चांद्या त्यांच्याच गोठ्यात होते, आणि ते उतरले की बाकीचे दुसऱ्या नंबराची आशा धरायचे. मग उकंडजी आणि त्यांचा धाकटा भाऊ दौलत वेगळे निघाले. शेत अर्धं झालं, भांडी अर्धी झाली. गोठ्यात बैल दोन, भाऊ दोन. पंचांनी एकेक बैल देऊन टाकला. हिशेब चोख झाला आणि जोडी फुटली.

दोघांनीही दुसरा बैल आणून पाहिला. पाखऱ्या परक्याच्या जोडीला चालेना, चांद्या तर बसकणच मारायचा. एका भावानं दुसऱ्याचा बैल मागितला असता, तर जोडी पुन्हा पळाली असती. पण मागणार कोण? दौलत राहायचा मागच्याच गल्लीत, तरी दोघांत अवाक्षर नव्हतं. बैल म्हातारे होत चालले होते. मला त्या दोन्ही भावांचा मनापासून संताप यायचा.

माझी बदली झाली त्या वर्षी उकंडजी पाखऱ्याला दोर लावूनच पटाला निघाले.

"याला कशाला? हा काय पळणार आता?"

"पाहू द्या त्याले. पुढल्या साली राह्यते का नाई."

मैदानाबाहेर कडुलिंबाखाली दौलत उभा होता. त्याच्या हातात चांद्याचा दोर! बैलांनी एकमेकांना हुंगलं. मग पाखऱ्या आपण होऊन फिरला, चांद्याच्या उजव्या अंगाला जाऊन उभा राहिला आणि त्यानं जुवासाठी मान खाली घातली. चांद्यानंही घातली. मला ते बघवेना. जिलेबी आणण्याचं निमित्त करून मी तिथून सटकलो, म्हटलं बोलू देत दोघांना.

परत आलो तर दौलत निघून गेला होता.

घरी येताना मी विचारलं, "बोलला का दौलत?"

"बोलला ना. म्हने, 'पाय दुखतेत का रे?'"

"मग? तुम्ही काय सांगितलं?"

"मले कुठं इचारलं, मास्तर? पाखऱ्याले इचारलं त्यानं."

"आणि तुम्ही गप्प?"

"गप्प कायले? मी बी चांद्याले म्हनलं, येत जाय घराकडं."

"मग?"

उकंडजी चालता चालता थांबले. पाखऱ्याच्या मानेवरचा जुना घट्टा त्यांनी हळूच चोळला.

"मंग काय? बैल कुठं बोलते, मास्तर!"