टेंबेकाकू पदरचं घालत नाहीत

आमच्या समोरच्या टेंबेकाकू संध्याकाळी बाल्कनीत उभ्या राहून खालच्या लोकांचं बोलणं बोलायच्या. म्हणजे खाली गेटपाशी सोसायटीचे सेक्रेटरी चड्ढासाहेब इस्त्रीवाल्यापुढे हातवारे करत असायचे, कूलरच्या घरघरीत वर तिसऱ्या मजल्यावर एक अक्षर ऐकू यायचं नाही, आणि काकू कठड्यावर कोपरं टेकून दोघांचेही आवाज काढायच्या. चड्ढासाहेबांचा घोगरा, इस्त्रीवाल्याचा रडका. मध्येच गेटवरचा कुत्रा जांभई द्यायचा. काकू त्यालाही एक वाक्य द्यायच्या.

मयूर विहारच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही नवीनच राहायला आलो होतो. दिल्लीत येऊन सात वर्षं झाली होती, आधी नवऱ्याची बदली, मागोमाग माझीही. मी मनात म्हटलं, घ्या, शेजार मराठी मिळाला तर तो डोक्यावर परिणाम झालेला. पण एक दिवस मी इस्त्रीचे कपडे आणायला खाली गेले, तर इस्त्रीवाला त्याच्या बायकोला चड्ढासाहेबांचं बोलणं सांगत होता. काकूंनी वर जे म्हटलं होतं तेच, शब्दन्‌शब्द.

"त्यात काय आहे?" काकू म्हणाल्या. "ओठ मिटले की तिथे प, फ, ब, भ, म, यांच्यातलंच कोणीतरी असतं. बाकीचं मानेवरून कळतं. अगं, माझा जन्म गेला लोकांची तोंडं बघण्यात."

काकूंचा धंदाच तो. तेव्हा केबलवाला गच्च्यांवरून तारा ओढत नुकताच आमच्या कॉलनीत पोचला होता आणि परदेशी कार्टून्स हिंदी बोलायला लागली होती. ती बोलायची दक्षिण दिल्लीतल्या एका तळघरातल्या स्टुडिओतून, आणि त्यातली निम्मी टेंबेकाकूंच्या तोंडून. पहाडगंजच्या गणेशोत्सवात बालगीतं म्हणणारी ही बाई पुढे रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात गायली, मग कठपुतळ्यांचा आवाज झाली, आणि पन्नाशी उलटल्यावर टिमकी गिलहरी झाली. गिलहरी म्हणजे खार. आमच्या सहा वर्षांच्या सईला मात्र खार म्हटलेलं कळायचं नाही, दिल्लीचं पोर ते. "टिमकी आई, टिमकी आई, किसने मेरी मूँगफली खाई" हे गाणं त्या वर्षी आमच्या ब्लॉकमध्ये शाळेच्या प्रार्थनेपेक्षा जास्त पाठ होतं.

ही टिमकी समोर राहते, असं मी सईला सांगितलं, तर ती काकूंना खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "आई, काहीही काय. टिमकी इतकी मोटी थोडी असते." काकूंना लागलं ते. त्याच रात्री जेवायच्या वेळी आमचा फोन वाजला. "सई बेटा, टिमकी बोल रही हूँ. भिंडी खाई?" पोरीने वाटीभर भेंडी संपवली आणि पुन्हा मागितली. ही बातमी ब्लॉकभर पसरली, आणि मग रोज साडेआठ ते नऊ काकूंचा फोन लागायचाच नाही. बिहारी, पंजाबी, मद्राशी, सगळ्या आयांची पोरं टिमकीच्या धाकाने दुधी गिळत होती.

घशाला काकू "माझी फॅक्टरी" म्हणायच्या. फॅक्टरीत चिंच नाही, दही नाही, फ्रीजचं पाणी नाही. मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, या बाईच्या गळ्यात मफलर. पर्समध्ये पैशांच्या आधी ज्येष्ठमधाच्या काड्या. आणि बोलण्यात सगळं स्टुडिओचं. दूधवाला पुटपुटला की "रिटेक", म्हणजे पुन्हा नीट बोल. माझा चहा आवडला की "टेक ओके." नाही आवडला तर तोंडावर सांगायच्या, "या टेकमध्ये आलं ऐकू नाही आलं."

टेंबेकाका अगदी उलट. मंत्रालयातून निवृत्त झालेले, सोसायटीचे खजिनदार, आणि आवाज असा की ते तळमजल्यावर हसले तर आमच्याकडे कळायचं. "आमच्या घरी प्राणिसंग्रहालय आहे, आणि तिकीट रोज मीच काढतो," असं म्हणून ते स्वतःच गडगडाटी हसायचे. मीटिंगमध्ये त्यांच्यापुढे चड्ढासाहेबांचंही काही चालायचं नाही.

मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. नुसते ओठ हलायचे.

सुरुवातीला काका पाटीवर लिहून दाखवायचे. पण लिहिणाऱ्याशी गप्पा मारायला लोकांना दम नसतो. दोन ओळी वाचेपर्यंत माणूस घड्याळ बघतो, "अच्छा टेंबेजी, चलता हूँ" म्हणतो. मीही तशीच निघायचे, खोटं कशाला सांगू. हळूहळू काकांनी पाटी ठेवून दिली, बाहेर येणं सोडलं, आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. एवढा बोलणारा माणूस. बघवायचं नाही.

एक दिवस चड्ढासाहेब काहीतरी हिशेब विचारायला आले. काका दारात उभे राहून रागारागाने ओठ हलवत होते, चड्ढासाहेब "जी, जी" करत पाय काढायच्या बेतात होते. तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला. तोच, खर्जातला, तळमजल्यापर्यंत जाणारा. "चड्ढाजी, रसीद दिखाइए, फिर बात कीजिए." चड्ढासाहेबांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी आधी काकांकडे पाहिलं, मग टेपरेकॉर्डर कुठे दिसतो का ते. काकांच्या मागे काकू उभ्या होत्या, हातात वरणाचा डाव, नजर बाजूच्या भिंतीवरच्या आरशावर, आरशात काकांचे ओठ.

तेव्हापासून काका पुन्हा माणसांत आले. काकू बरोबर हव्यात, एवढंच. भाजीवाल्याशी घासाघीस, दूरदर्शनवरच्या बातम्यांना शिव्या, सगळं सुरू झालं. बघता बघता मलाही काकांचे ओठ थोडेफार वाचता यायला लागले. मला एकदा वाटलं, काकू थोडं गोड करून सांगत असणार. तसं म्हटलं तर त्या चिडल्याच. "आमच्या धंद्यात एकच नियम. पदरचं घालायचं नाही. कार्टूनमधला वाघ मूर्ख असेल तर मूर्खच ठेवायचा."

हा नियम किती कडक आहे ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये दिसलं. थंडीतला रविवार, पार्कात सतरंज्या. काकूंनी प्रस्ताव मांडला की दुपारी पाण्याचा पंप बंद ठेवावा, त्यांना गाण्याचा रियाज करता येत नाही. छान बोलल्या. लोक माना डोलवायला लागले. तेवढ्यात खजिनदारांनी हात वर केला. काकू काकांकडे वळल्या, मफलर सारखा केला, आणि त्यांच्या आवाजात म्हणाल्या, "इनकी बात बिल्कुल बेतुकी है. टंकी खाली रहेगी तो पूरी सोसायटी क्या गिलहरी का गाना पिएगी?" मग स्वतःच्या आवाजात उत्तर. मग पुन्हा काकांचा टोला, आधीच्यापेक्षा कडक. आमच्या माना टेनिस बघितल्यासारख्या इकडून तिकडे. शेवटी काकूंनीच काकूंचा पराभव केला, प्रस्ताव पडला. त्यानंतर बरेच दिवस त्या काकांशी बोलत नव्हत्या. काकांचं मात्र सगळं बोलत होत्या.

आणि मग मुंबईचा फोन आला. टिमकीची मोठी मालिका तिकडे होणार होती, सगळी गाणी काकूंची, आणि पडद्यावर नाव. एवढ्या वर्षांत काकूंचं नाव कुठेच आलं नव्हतं. पोरांना टिमकी माहीत, काकू कुणालाच नाहीत. राहण्याची सोय चेंबूरला नणंदेकडे. वर्षभर तरी राहावं लागणार होतं, तेही एकटीने, कारण काकांच्या तपासण्या इथल्याच हॉस्पिटलात चालू होत्या.

काकूंनी नाही म्हणून कळवलं. विचारलं तर म्हणे, "मुंबईच्या दमट हवेत फॅक्टरी बंद पडते."

"काकू, मुंबईत इतक्या बायका गातात, त्या काय घसे डब्यात भरून ठेवतात?" मी म्हटलं.

"त्यांची फॅक्टरी वेगळी," काकू म्हणाल्या, आणि टिमकीच्या आवाजात विषय बदलला.

त्या रविवारी सकाळी काकांनी काठीने आमचं दार ठोठावलं. मला हाताला धरून त्यांच्या टेबलाशी नेऊन बसवलं. काकू पोहे वाढत होत्या. माझ्या लक्षात आलं, मला साक्षीदार म्हणून आणलं होतं. काकांना बायकोशी भांडायचं होतं, आणि पंचाईत अशी की त्यांच्या बाजूने बोलणारी तीच.

काका माझ्याकडे बघून बोलायला लागले. काकू हातातला कालथा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. क्षणभर मला वाटलं, आज ही बाई बोलणार नाही. पण नियम म्हणजे नियम. काकांचा आवाज आला, "ही खोटं बोलते. घसाबिसा काही नाही. माझ्यासाठी अडून बसली आहे."

"पुढे," मी म्हटलं.

"मी काय लहान आहे? पाटी आहे, खडू आहे. लोक थांबतील नाही तर जातील. मला येतं एकटं राहायला." आवाज शेवटी जरा हलला. तो काकांचा हलला की काकूंचा, ते मला सांगता येणार नाही.

मग काका काकूंकडे वळले. एक एक अक्षर सुटं करून, मलाही दिसेल असं म्हणाले: शशी, तू मुंबईला जा.

मी स्वच्छ वाचलं. काकूंनीही वाचलं. त्यांनी मफलर सारखा केला आणि काकांच्या धीरगंभीर आवाजात मला सांगितलं, "पोह्यात लिंबू कमी आहे."

काकांनी टेबलावर हात आपटला. ओठांनी म्हणाले: रिटेक. आणि पुन्हा तेच वाक्य, आणखी सावकाश.

"लिंबू," काकू त्याच आवाजात म्हणाल्या, "आणि कोथिंबीरसुद्धा."

मी ताटलीत बघत बसले. इतक्या वर्षांत या बाईने वाघाला शहाणा केलं नव्हतं, स्वतःचा प्रस्ताव स्वतःच्या तोंडाने पाडला होता, आणि आज बिनदिक्कत पदरचं घालत होती. मला बोलायचं होतं, पण मी पोह्याचा घास तोंडात घातला. बोलले असते तर माझ्या तोंडून टिमकीच निघाली असती.

काकांनी काकूंकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, आवाज काहीच नाही. ते हसत होते.

काकूंनी कालथा खाली ठेवला. आणि ते हसू मात्र जसंच्या तसं दिलं, गडगडाटी, तळमजल्यापर्यंत जाणारं. पदरचं काहीही न घालता.